लिनक्स लॅपटॉपवर रिझोल्यूशन १०२४ × ७६८ च्या पुढे जाईना: आधी काय तपासायचं?

पडदानशीन

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, किंवा कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला, आणि स्क्रीनवर सगळं फुगलेलं, आडवं ताणलेलं दिसायला लागलं. सेटिंगमध्ये जावं तर 'अननोन डिस्प्ले' आणि त्याखाली १०२४ × ७६८ किंवा ८०० × ६०० एवढा एकच पर्याय. ही तक्रार इथे सारखी येते आणि तिला उत्तरही ठरलेलं: "एक्सरँडआरने नवा मोड टाका." (एक्सरँडआर म्हणजे टर्मिनलवरून स्क्रीनचा मोड, म्हणजे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश दर, बदलणारी कमांड.) बहुतेक वेळा त्याचा काडीचा उपयोग होत नाही. का होत नाही आणि मग काय करायचं, ते एका जागी असावं म्हणून हा धागा.

(विभागाच्या नियमाप्रमाणे कमांडही देवनागरीत लिहितेय. टर्मिनलवर रोमनमध्येच टाका. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान; आउटपुट, फाइल आणि सेटिंग यांची नावं मात्र तुमच्या पडद्यावर जशी दिसतील तशीच.)

मशीन चालू होताना यूईएफआय फर्मवेअर (मशीनच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम) स्क्रीनला एक मोड लावून देतं. कर्नल सुरुवातीला त्यावरच भागवतो. थोड्या वेळाने ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर येतो (इंटेलला आय९१५, एएमडीला एएमडीजीपीयू, एनव्हिडियाला नूव्हो किंवा कंपनीचा स्वतःचा), पॅनेलला "तुझं मूळ रिझोल्यूशन काय" असं विचारतो आणि ते लावतो. हा ड्रायव्हर आलाच नाही, तर फर्मवेअरने लावलेला मोड तसाच राहतो. तो बदलायची सोय सिम्पलडीआरएम किंवा ईएफआयएफबी या तात्पुरत्या ड्रायव्हरांकडे नाही, म्हणून यादीत पर्याय एकच.

तेव्हा पहिला प्रश्न रिझोल्यूशनचा नाहीच. सध्या स्क्रीन कोण चालवतंय, हा आहे. त्यासाठी:

एलएसपीसीआय -एनएनके

यात 'व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर', 'डिस्प्ले कंट्रोलर' किंवा 'थ्रीडी कंट्रोलर' असलेली ओळ शोधा आणि तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आहे का बघा. 'कर्नल मॉड्यूल्स' ही ओळ वेगळी. ती फक्त डिस्कवर कोणता ड्रायव्हर उपलब्ध आहे ते सांगते, तो चालू आहे असं नाही. इथे भल्याभल्यांची गल्लत होते.

मग नुसतं एक्सरँडआर चालवा. आउटपुटचं नाव ईडीपी-१ किंवा एलव्हीडीएस-१ (आतल्या पॅनेलच्या जोडणीचे दोन प्रकार) असेल तर ड्रायव्हर जागेवर आहे. नाव 'डिफॉल्ट', 'नन-१' किंवा 'अननोन-१' दिसलं, किंवा वरती 'फेल्ड टू गेट साइझ ऑफ गामा फॉर आउटपुट डिफॉल्ट' आलं, तर ड्रायव्हर नाही. अशा वेळी न्यूमोड-ॲडमोडच्या (एक्सरँडआरने हाताने नवा मोड घालायच्या) वाटेला जाऊच नका. नवा मोड लावणारं तिथे कोणी नाहीये.

जीएलएक्सइन्फो -बी (बी मोठा; मेसा-युटिल्स पॅकेजमध्ये मिळतो) यात रेंडरर म्हणून 'एलएलव्हीएमपाइप' आलं तरी अर्थ तोच. सगळं चित्र प्रोसेसर काढतोय.

सुडोकाका

पडदानशीनताईंनी नीट मांडलंय. ड्रायव्हर न येण्याची कारणं बरीच असली तरी पहिला संशयित कायम 'नोमोडसेट', म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरला मोड लावू न देणारा कर्नलचा पर्याय. बघायचं असं:

कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन

उबंटूच्या इन्स्टॉलरमध्ये 'सेफ ग्राफिक्स' किंवा फेडोराच्या ट्रबलशूटिंगमधला 'बेसिक ग्राफिक्स मोड' निवडला की हा शब्द कर्नलच्या ओळीत जातो, आणि बऱ्याचदा इन्स्टॉल झालेल्या सिस्टिममध्येही तसाच उतरतो. तो असला की आय९१५, एएमडीजीपीयू आणि नूव्हो तिघंही लोड व्हायला नकार देतात. स्क्रीन काळी पडते म्हणून तात्पुरता लावलेला हा उपाय लोक कायमचा ठेवून देतात आणि मग रिझोल्यूशन शोधत बसतात.

काढताना थेट फाइलला हात घालू नका, आधी एकदाच चालवून बघा. मशीन सुरू होताना एस्केप दाबा (जुन्या बायॉसवर शिफ्ट धरून ठेवा), ग्रबचा (लिनक्स बूट करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू येईल. पहिल्या नोंदीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, त्यातला नोमोडसेट खोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच. स्क्रीन काळी पडली तर बटण दाबून बंद करा, पुढच्या वेळी सगळं पूर्ववत.

नीट चाललं तर मग कायमचं:

सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब

यातल्या 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट' (सगळी मोठी अक्षरं) आणि त्याच्याच खालच्या 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स' या दोन्ही ओळी तपासा. नोमोडसेट कुठेही असू शकतो. जुन्या लेखातून उचललेलं व्हीजीए=७९१ दिसलं तर तेही काढा, त्या आकड्याचा अर्थच १०२४ × ७६८. मग उबंटू, डेबियन, मिंटवर:

सुडो अपडेट-ग्रब

फेडोरावर फाइल न उघडताही होतं:

सुडो ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --रिमूव्ह-आर्ग्ज=नोमोडसेट

(ऑल मोठ्या अक्षरांत.) आर्चवर ग्रब-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी.

नवखा_पेंग्विन

काका, माझ्याकडे नोमोडसेट नाहीये. डेबियन आहे, एएमडीचं ग्राफिक्स. एलएसपीसीआयमध्ये 'कर्नल मॉड्यूल्स: एएमडीजीपीयू' दिसतं, पण 'इन यूज'ची ओळच नाही. ग्रबच्या फाइलमध्ये जीएफएक्समोड १९२० × १०८० केलं, तर ग्रबचा मेनू मोठा झाला आणि डेस्कटॉप होता तसाच.

पडदानशीन

@नवखा_पेंग्विन, ग्रबचा जीएफएक्समोड मेनूपुरता आणि बूटच्या सुरुवातीपुरता असतो. त्याच्याकडे नंतर येऊ. आधी डीमेसेजने कर्नलचे संदेश बघा:

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय -ई फर्मवेअर -ई एएमडीजीपीयू

'डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर एएमडीजीपीयू/... फेल्ड विथ एरर -२' अशी ओळ असणार. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही. एएमडीजीपीयू या बाबतीत कडक आहे. चिपसाठी लागणारं फर्मवेअर मिळालं नाही तर पूर्ण ड्रायव्हरच मागे फिरतो.

डेबियनमध्ये हे पॅकेज मुख्य भांडारात नसतं. डेबियन १२ पासून त्यासाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा वेगळा विभाग आहे. /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट उघडा, 'मेन'च्या पुढे एक जागा सोडून तो शब्द घाला. डेबियन ११ किंवा त्याआधीचं असेल तर तिथे 'नॉन-फ्री' लागेल. मग:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू

शेवटची कमांड (इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम, नव्याने बांधणारी) पॅकेज स्वतःच चालवतं, पण हाताने पुन्हा चालवल्याने काही बिघडत नाही. रीबूट करा आणि एलएसपीसीआय पुन्हा बघा.

नवखा_पेंग्विन

पॅकेज टाकलं. एरर अजून तोच, फाइलचं नावही तेच. /लिब/फर्मवेअर/एएमडीजीपीयू हे फोल्डर भरलेलं आहे, पण नेमकी ती फाइल त्यात नाही.

हेक्सोबा

म्हणजे चिप पॅकेजपेक्षा नवी आहे. कर्नल तिला ओळखतोय (नाहीतर फाइलचं नाव मागितलंच नसतं), फर्मवेअरचं पॅकेज मात्र मागे राहिलंय. बॅकपोर्ट्स (डेबियनचं नवी पॅकेजं देणारं वेगळं भांडार) सुरू करून तिथून फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स घ्या, आणि घेताय तर कर्नलही तिथलाच घ्या. एपीटी इन्स्टॉलला -टी आणि त्यापुढे तुमच्या आवृत्तीचं नाव, मग डॅश, मग बॅकपोर्ट्स. उबंटू एलटीएसवाल्यांनी त्याऐवजी लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई आणि पुढे आवृत्ती (२२.०४, २४.०४) हे पॅकेज टाकावं, नवा कर्नल त्यातून येतो.

इंटेलचं थोडं वेगळं. तिथे चिप नवी असली की आय९१५ कधी कधी तिला ओळखतो पण आपणहून हात लावत नाही. डीमेसेजमध्ये 'फोर्स_प्रोब' वापरा असं स्वच्छ लिहून येतं. एलएसपीसीआय -एनएनमध्ये ८०८६ नंतर कोलन आणि चार अक्षरी आयडी असतो, तो घेऊन कर्नलच्या ओळीत आय९१५.फोर्स_प्रोब=आयडी. निकड असेल तर करा, पण ड्रायव्हर त्या चिपसाठी अजून पक्का झालेला नाही असा त्याचा अर्थ आहे. नवा कर्नल आला की हा शब्द काढून टाका.

तुटकी_वायर

एनव्हिडियावाल्यांची रडकथा राहिली. काल सगळं ठीक होतं, अपडेट झाला, आज ८०० × ६००. एनव्हिडिया-एसएमआय चालवलं तर ड्रायव्हरशी बोलता येत नाही म्हणतो.

कारण असं की कंपनीचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस करतं. नव्या कर्नलचे हेडर नसतील तर बांधणी होत नाही आणि कोणी ओरडूनही सांगत नाही. वर त्याच ड्रायव्हरने इन्स्टॉल होताना नूव्होला काळ्या यादीत टाकलेलं असतं. हा येत नाही, त्याला येऊ देत नाही.

डीकेएमएस स्टेटस

चालू कर्नलच्या (यूनेम -आर) पुढे 'इन्स्टॉल्ड' हवं. नुसतं 'ॲडेड' असेल किंवा तो कर्नल यादीतच नसेल तर:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर)
सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल

'इन्स्टॉल्ड' असूनही लोड होत नसेल तर सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया चालवून बघा. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं म्हणजे सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर नाकारणारी सुरक्षा) आडवा आलाय. मोकयुटिल --एसबी-स्टेट ने खात्री करा. उबंटूवर ड्रायव्हरच्या सहीची किल्ली (मोक) नोंदवा:

सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर

(शेवटचं मोक मोठ्या अक्षरांत.) पासवर्ड मागेल, तो एकदाच लागतो, साधा ठेवा. रीबूट केल्यावर निळा पडदा येईल आणि कोणतंही बटण दाबा म्हणेल. तिथे १० सेकंद मिळतात. हुकलं तर मशीन तसंच पुढे जातं आणि इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं. 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', तोच पासवर्ड, रीबूट.

फेडोरावर हेच काम एकमॉड्स करतं. इन्स्टॉल झाल्यावरही मॉड्यूल पाठीमागे काही मिनिटं बांधलं जात असतं, लगेच रीबूट मारू नका.

सुडोकाका

@तुटकी_वायर, सहमत, फक्त एक भर. दोन जीपीयूंच्या लॅपटॉपवर आतलं पॅनेल सहसा इंटेल किंवा एएमडीच्या अंगच्या ग्राफिक्सलाच जोडलेलं असतं. एनव्हिडिया मेला म्हणून पॅनेलचं रिझोल्यूशन बिघडायला नको. तरी बिघडलं, तर /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ ही फाइल आहे का बघा. एनव्हिडिया-एक्सकॉन्फिग चालवलं की ती तयार होते आणि 'ड्रायव्हर एनव्हिडिया' अशी सक्ती करून बसते. आजच्या एक्सला (पडद्यावर खिडक्या दाखवणारा डिस्प्ले सर्व्हर) ती फाइल लागतच नाही. पुसू नका, नाव बदला:

सुडो एमव्ही /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.जुनी

त्याच फोल्डरमधलं एक्सऑर्ग.कॉन्फ.डी हेही उघडून बघा, वर्षानुवर्षांचे प्रयोग तिथे साठलेले असतात.

मिणमिणता_पिक्सेल

माझी केस यात बसत नाही. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज: आय९१५' आहे. आउटपुट एलव्हीडीएस-१ आहे. पॅनेल १३६६ × ७६८ चं, मिळतंय १०२४ × ७६८. पॅनेल मध्यंतरी बदललेलं आहे. सीव्हीटी (मोडचं टायमिंग काढून देणारी कमांड) १३६६ ७६८ ६० केलं तर तो १३६८ देतो, १३६६ देतच नाही.

हेक्सोबा

आता खरी गंमत. ड्रायव्हर आहे, पण पॅनेलने त्याला स्वतःची ओळख दिलेली नाही. ही ओळख म्हणजे ईडीआयडी. पॅनेलवरच्या चिपमध्ये १२८ बाइटचा तुकडा असतो, मूळ रिझोल्यूशन आणि टायमिंग त्यात. बघायचं असं:

कॅट /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड*-एलव्हीडीएस-१/ईडीआयडी | डब्ल्यूसी -सी

एलएसने त्या फाइलचा आकार कायम ० च दिसतो, त्यावर जाऊ नका. डब्ल्यूसीने १२८ किंवा २५६ यायला हवं. ० आलं तर ईडीआयडी वाचताच आलेलं नाही.

बाइट आलेत पण गडबड वाटतेय, तर कॅटच्या पुढे हेक्सडम्प -सी (सी मोठा) जोडा. पहिले आठ बाइट ठरलेले असतात: ००, मग सहा वेळा एफएफ, मग ००. सगळ्या १२८ बाइटांची बेरीज केली तर तिला २५६ ने नि:शेष भाग जायला हवा. शेवटचा बाइट तेवढ्यासाठीच असतो. मूळ टायमिंग ५४ व्या स्थानापासून १८ बाइटांत असतं. हे सगळं हाताने करायची गरज नाही, ईडीआयडी-डीकोड नावाचा प्रोग्रॅम वाचून दाखवतो, चेकसम चुकला असेल तर तेही सांगतो.

तुमच्याकडे एलव्हीडीएस आहे हे महत्त्वाचं. एलव्हीडीएसच्या केबलमध्ये चित्राच्या तारांच्या जोड्या वेगळ्या आणि ईडीआयडीच्या पिना वेगळ्या: एक वीज, एक क्लॉक, एक डेटा. या तीनपैकी एक जरी सैल असली तरी चित्र व्यवस्थित येतं, ओळख मात्र मिळत नाही. मग आय९१५ बायॉसमध्ये लिहिलेल्या पॅनेलच्या तक्त्यावर किंवा बायॉसने लावलेल्या मोडवर विसंबतो. पॅनेल बदललं असेल तर तो तक्ता जुन्या पॅनेलचा. ईडीपीमध्ये असं होणं अवघड, कारण तिथे ऑक्स वाहिनीवरून बोलणी झाल्याशिवाय चित्रच सुरू होत नाही. तिथे ईडीआयडी मिळतं, पण त्यातला मजकूर खराब असू शकतो.

म्हणून पहिला उपाय हार्डवेअरचा. बॅटरी काढून, पॅनेलच्या पाठीमागचा केबलचा कनेक्टर काढून सरळ बसवा. तिरका बसलेला कनेक्टर नुसत्या डोळ्यांना सरळच दिसतो. त्यावरची चिकटपट्टी परत लावा, ती शोभेची नसते.

पडदानशीन

आणि तेवढ्यानेही ० च आलं तर कर्नलला आपणच सांगायचं:

व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:१३६६एक्स७६८@६०

हे ग्रबच्या त्याच ओळीत जातं जिथून काकांनी नोमोडसेट काढायला लावला. आधी 'ई' दाबून एकदाच करून बघा. १३६६ ची अडचण कर्नलला माहीत आहे, तो स्वतः सांभाळून घेतो.

ती अडचण अशी: सीव्हीटीच्या गणितात रुंदी ८ च्या पटीत लागते. १३६६ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून १३६८. एक्सवर हाताने मोड टाकायचाच असेल तर सीव्हीटीचं उत्तर न घेता १३६६ चं प्रमाण टायमिंग घ्या:

८५.५० १३६६ १४३६ १५७९ १७९२ ७६८ ७७१ ७७४ ७९८ +एचसिंक +व्हीसिंक

पहिला आकडा पिक्सेल क्लॉक, मेगाहर्ट्झमध्ये. एकूण रुंदी १७९२ आणि एकूण उंची ७९८. क्लॉकला या दोघांच्या गुणाकाराने भागलं की ५९.७९ हर्ट्झ येतं. एक्सरँडआरच्या यादीतही नेमकं तेच दिसायला हवं.

हेक्सोबा

ईडीआयडीची चांगली प्रत मिळाली तर व्हिडिओ= पेक्षा ती बरी. पॅनेलच्या पाठीवर मॉडेल नंबर असतो, तेच पॅनेल असलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून वरचीच ईडीआयडी फाइल सीपीने उचला. ती /लिब/फर्मवेअर/ईडीआयडी/ मध्ये पॅनेल.बिन म्हणून ठेवा आणि कर्नलला सांगा:

डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर=एलव्हीडीएस-१:ईडीआयडी/पॅनेल.बिन

(४.१५ च्या आधीच्या कर्नलवर डीआरएम च्या जागी डीआरएम_केएमएस_हेल्पर.)

इथे हमखास फसायला होतं ते असं: आय९१५ फार लवकर, इनिटरॅमएफएसमध्ये असतानाच लोड होतो. तेव्हा मूळ डिस्क जोडलेलीच नसते, फाइल सापडत नाही, पुन्हा उणे दोन. म्हणून फाइल इनिटरॅमएफएसमध्येही जायला हवी. आर्चवर एमकेइनिटसीपीआयओच्या 'फाइल्स' मध्ये तिचा पत्ता, फेडोरावर ड्रॅकटच्या 'इन्स्टॉल_आयटम्स' मध्ये (अवतरणचिन्हांच्या आत दोन्ही टोकांना एकेक जागा सोडून), डेबियन-उबंटूवर /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/हुक्स मध्ये फाइल कॉपी करणारी छोटी स्क्रिप्ट. मग इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा. जमलं की बऱ्याच कर्नलांवर डीमेसेजमध्ये 'गॉट एक्स्टर्नल ईडीआयडी' अशी ओळ येते.

मिणमिणता_पिक्सेल

कनेक्टर काढून बसवला. डब्ल्यूसी आता १२८ दाखवतंय आणि १३६६ × ७६८ आपोआप आलं. व्हिडिओ= लागलंच नाही.

तुटकी_वायर

मग न्यूमोड-ॲडमोड कामाला येतं तरी कधी? इतकी वर्षं सगळीकडे तेच लिहिलेलं दिसतं.

पडदानशीन

बाहेरच्या मॉनिटरला. जुना व्हीजीए मॉनिटर, मध्ये केव्हीएम स्विच किंवा ॲडॉप्टर आणि त्यात ईडीआयडी हरवलेलं, अशा ठिकाणी. आतल्या पॅनेलवर इंटेलचा ड्रायव्हर तुमचं टायमिंग वापरतच नाही. पॅनेलचं मूळ टायमिंग ठेवतो आणि तुमचं चित्र त्यात ताणून बसवतो. मूळ रिझोल्यूशनपेक्षा मोठा मोड दिला तर थेट नकार.

बाहेरच्या मॉनिटरला १९२० × १०८० द्यायचं असेल तर इथेही एक खाच आहे. साधं सीव्हीटी १९२० १०८० ६० हे १७३ मेगाहर्ट्झचा क्लॉक काढतं. जुन्या एचडीएमआय आणि सिंगल-लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५. मोड यादीत जातो, लावताना मात्र 'कॉन्फिगर सीआरटीसी ० फेल्ड' किंवा काळा पडदा. -आर लावून सीव्हीटी चालवा, रिकामा वेळ कमी होऊन क्लॉक १३८.५० वर येतो:

एक्सरँडआर --न्यूमोड "१९२०एक्स१०८०आर" १३८.५० १९२० १९६८ २००० २०८० १०८० १०८३ १०८८ ११११ +एचसिंक -व्हीसिंक
एक्सरँडआर --ॲडमोड एचडीएमआय-१ "१९२०एक्स१०८०आर"
एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --मोड "१९२०एक्स१०८०आर"; स्लीप १५; एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --ऑटो

शेवटच्या ओळीतलं स्लीप मुद्दाम ठेवलंय. चित्र गेलं तरी १५ सेकंदांनी आपोआप परत येतं, अंधारात टाइप करावं लागत नाही. नीट दिसलं तर स्लीपचं शेपूट तोडून पुन्हा चालवा. 'बॅडनेम' आलं तर त्या नावाचा मोड आधीच आहे: आधी --डेलमोड, मग --आरएममोड.

रीबूटनंतर हे सगळं पुसलं जातं. टिकवायला होममधल्या .एक्सप्रोफाइल फाइलमध्ये या ओळी टाका (स्लीप सोडून).

सुडोकाका

पण हे सगळं एक्सवर. आधी एको $एक्सडीजी_सेशन_टाइप (मोठी अक्षरं) करा. 'वेलँड' (एक्सच्या जागी आलेली नवी प्रणाली) आलं तर एक्सरँडआर फक्त एक्सवेलँडशी (वेलँडवर एक्सचे प्रोग्रॅम चालवणारा दुभाषा) बोलतो, म्हणजे खऱ्या स्क्रीनपर्यंत पोचतच नाही. काही आवृत्त्यांत आउटपुटचं नावच एक्सवेलँड० दिसतं, तिथे तरी कळतं. नव्यांत खरं नाव दिसतं आणि माणूस तासभर झगडत बसतो.

वेलँडवर: केडीईला केस्क्रीन-डॉक्टर -ओ ने यादी, आणि केस्क्रीन-डॉक्टर आउटपुट.ईडीपी-१.मोड.१९२०एक्स१०८०@६० ने बदल. स्वे वगैरेंना डब्ल्यूएलआर-रँडआर, त्यात --कस्टम-मोड चालतो. गनोममध्ये यादीबाहेरचा मोड हवा असेल तर वरचंच व्हिडिओ= वापरा. तिथे कनेक्टरचं नाव कर्नलचं लागतं. एक्समध्ये एचडीएमआय-१ असलेला कनेक्टर कर्नलमध्ये एचडीएमआय-ए-१ असतो. /सिस/क्लास/डीआरएम मध्ये जे दिसेल ते खरं.

नवखा_पेंग्विन

बॅकपोर्ट्सचा कर्नल आणि फर्मवेअर टाकल्यावर 'इन यूज: एएमडीजीपीयू' आलं. लॉगिन केल्यावर १९२० × १०८०. पण लॉगिनच्या पडद्यावर अजून १०२४ × ७६८ आहे.

पडदानशीन

लॉगिनचा पडदा हा जीडीएमचा (गनोमच्या लॉगिन प्रोग्रॅमचा), त्याची सेटिंग वेगळी. जुन्या रिझोल्यूशनची नोंद तिथे अडकली असेल तर:

सुडो आरएम /व्हार/लिब/जीडीएम३/.कॉन्फिग/मॉनिटर्स.एक्सएमएल

(फेडोरावर जीडीएम३ ऐवजी जीडीएम.) असलीच फाइल तुमच्या होमच्या .कॉन्फिगमध्येही असते. डेस्कटॉपवर जुनंच रिझोल्यूशन परत येत असेल तर तिचंही नाव बदलून लॉगआउट करा.

तुटकी_वायर

जुन्या इंटेल मशीनवर अजून एक भूत भेटतं. टीव्ही-आउट अस्तित्वात नसताना ते 'कनेक्टेड' आहे असं ड्रायव्हरला वाटतं. मग डेस्कटॉप दोन्हीकडे तेच चित्र दाखवायला जातो आणि दोघांना जमेल असं १०२४ × ७६८ निवडतो. एक्सरँडआरमध्ये टीव्ही-१ किंवा एसव्हिडिओ-१ कनेक्टेड दिसलं की ओळखा. कर्नलच्या ओळीत व्हिडिओ=एसव्हिडिओ-१:डी घातलं की ते कनेक्शन बंद. शेवटचा डी म्हणजे डिसेबल.

मिणमिणता_पिक्सेल

ज्याच्या चिपला ड्रायव्हर मिळणारच नाही त्याने काय करायचं? पडदानशीनताई जीएफएक्समोडकडे नंतर येणार होत्या.

पडदानशीन

हो. ड्रायव्हर नाहीच म्हटल्यावर फर्मवेअरने लावलेला मोडच कायम राहतो, तर मग तो मोड ग्रबकडूनच नीट लावून घ्यायचा. ग्रबच्या मेनूत 'सी' दाबा, व्हिडिओइन्फो टाका, फर्मवेअर कोणकोणते मोड देतंय त्याची यादी येईल. तिच्यात पॅनेलचं मूळ रिझोल्यूशन असेल तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये (डावीकडची नावं मोठ्या अक्षरांत):

ग्रब_जीएफएक्समोड=१९२०एक्स१०८०
ग्रब_जीएफएक्सपेलोड_लिनक्स=कीप

आणि अपडेट-ग्रब. चित्र धारदार येतं. व्हिडिओ अडखळत चालतील, ब्राइटनेस बहुधा हलणार नाही, बाहेरचा मॉनिटर चालणार नाही. यादीत ते रिझोल्यूशन नसेल तर इथे काही करता येत नाही.

हेक्सोबा

अजून एक प्रकार, ज्यात बिघाड काहीच नसतो. "रिझोल्यूशन चुकलंय, सगळं बारीक दिसतं" किंवा "सगळं मोठं दिसतं" अशी तक्रार असेल तर आधी:

हेड -एन १ /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड*-ईडीपी-१/मोड्स

पहिली ओळ सहसा पॅनेलचं मूळ रिझोल्यूशन. सेटिंगमध्ये तेच लागलेलं असेल तर रिझोल्यूशन बरोबर आहे, बदलायचंय ते स्केल. अक्षरं मोठी व्हावीत म्हणून रिझोल्यूशन खाली आणलं की पॅनेल पिक्सेल ताणतं आणि सगळं पुसट होतं. गनोममध्ये १०० आणि २०० च्या मधले टक्के दिसत नसतील तर:

जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.गनोम.मटर एक्सपेरिमेंटल-फीचर्स "['स्केल-मॉनिटर-फ्रेमबफर']"

हे वेलँडवर चालतं. लॉगआउट करून परत या.

तुटकी_वायर

आणि एखाद्या जुन्या खेळासाठी मुद्दाम ८०० × ६०० लावलं, तर चित्र ताणलेलं येतं. ते बाजूला काळ्या पट्ट्या ठेवून मूळ प्रमाणात यावं यासाठी काही?

हेक्सोबा

एक्सवर आहे:

एक्सरँडआर --आउटपुट ईडीपी-१ --सेट "स्केलिंग मोड" "फुल आस्पेक्ट"

'फुल'चा एफ आणि 'आस्पेक्ट'चा ए: पहिलं अक्षर मोठं, दुसरं लहान. 'सेंटर' दिलं तर न ताणता मधोमध छोटं दिसतं, 'फुल' दिलं तर पूर्ण ताणलेलं. ही सोय त्या आउटपुटला आहे का ते एक्सरँडआर --प्रॉप मध्ये दिसेल. बाहेरच्या मॉनिटरला बहुधा नसते, तिथे मॉनिटरच्याच मेनूत शोधा.